भाषेची आकृती: तक्ता, झाड, बाण आणि नकाशा कसे वापरायचे

भाषेच्या अभ्यासात आकृती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येते. निष्कर्ष ठरलेले असतात, मजकूर टाइप झालेला असतो आणि पान भरल्यासारखं दिसावं म्हणून फांद्या जोडून शब्दांचं एक झाड काढून चिकटवलं जातं. अशी आकृती काही शिकवत नाही. आकृती आधी काढायची असते, कच्ची, आणि तिने आपल्याला अडवावं अशी अपेक्षा ठेवून. रेष ओढली की तुम्ही काहीतरी ठामपणे म्हणता, आणि जे ठामपणे म्हटलं ते चूक निघू शकतं. सगळा फायदा त्यातच आहे.

सामान थोडंच लागतं. चौकटीची वही, टू-बी पेन्सिल, चांगलं खोडरबर, दोन रंगांची पेनं आणि नकाशाच्या कामासाठी ट्रेसिंग पेपर. कंप्युटरवर आकृती नंतर करा. पडद्यावरची आकृती पहिल्या मिनिटापासून पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि मग ती खोडायला हात धजत नाही. उदाहरणं सातारा-सांगलीच्या बोलण्यातली घेतली आहेत, म्हणजे वाचता वाचता स्वतःच्या तोंडाने तपासता येतील.

तक्ता: रिकामी घरं मोजा

पहिलीत पाठ केलेली मुळाक्षरं आठवा. क ते म ही पंचवीस व्यंजनं पाच ओळी, पाच रकाने अशी मांडलेली आहेत. ओळ सांगते आवाज तोंडात कुठे अडतो: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. रकाना सांगतो तो कसा निघतो: साधा, हकारयुक्त, घोष (म्हणताना घसा थरथरतो तो), घोष-हकारयुक्त, नाकातून. ही अस्सल विचार करणारी आकृती आहे.

आता मराठीची अडचण त्यात घाला. ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च एक नाहीत. पहिला तालव्य, जीभ टाळूला लागते. दुसरा दंततालव्य, जीभ दातांच्या मागे. लिपीत दोन्ही एकाच घरात कोंबले आहेत. आपण त्यांना वेगळी ओळ देऊ.

चौकटीच्या वहीवर पाच घरांच्या दोन ओळी आखा. वरच्या ओळीत तालव्य च, छ, ज, झ, ञ. खालच्या ओळीत दंततालव्य, प्रत्येकाखाली टिंब देऊन. प्रत्येक घरात एक शब्द लिहायचा, आणि तो मोठ्याने म्हणून खात्री झाल्याशिवाय लिहायचा नाही. खालच्या ओळीत च ला ‘चाक’ मिळतो, ज ला ‘जर’, झ ला ‘झाड’. छ च्या घरात काही मिळत नाही. दंततालव्य छ मराठीत नाहीच. नाकातल्या घराचंही तसंच.

छ च्या रिकाम्या घरावर थांबा. जवळच्या भाषेत जिथे छ आहे तिथे मराठीत काय आहे, ते शेजारी लिहून काढा. हिंदी छह, मराठी सहा. छाल, साल. छुरी, सुरी. पूछना, पुसणे. म्हणजे घर रिकामं आहे कारण तिथला रहिवासी शेजारी स च्या घरी गेला. आता हिंदी छींक घ्या. मराठीत ती ‘सिंक’ व्हायला हवी होती, पण आहे ‘शिंक’. इ समोर आली की आवाज टाळूकडे सरकतो. हीच गोष्ट च ला लागू होते का, ते लगेच पाहता येतं: ‘त्याचा’ दंततालव्य, ‘त्याची’ तालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ हळू म्हणून पाहा. ‘चमचा’चं अनेकवचन ‘चमचे’ म्हणताना पहिला च जागेवर राहतो आणि दुसरा टाळूवर जातो, एकाच शब्दात. एका रिकाम्या घराने दोन वेगळी वाटणारी कोडी एका धाग्यात आणली.

यानंतर दुसरा तक्ता काढा. उभ्या बाजूला दोन च, आडव्या बाजूला पुढचा स्वर: अ, आ, इ, उ, ए, ओ. प्रत्येक घरात किमान तीन शब्द शोधा. इ आणि ए च्या रकान्यात दंततालव्य च ची घरं रिकामी राहतील. मग हा एकच ध्वनी दोन वेशांत आहे असं म्हणायचं का? नाही, कारण ‘जग’ (दुनिया) आणि ‘जग’ (जगत राहा) या जोडीत बाकी सगळं सारखं असून फक्त ज वेगळा आहे आणि अर्थ बदलतो. अ च्या रकान्यात दोन्ही घरं भरलेली दिसली की तो दावा तिथेच मोडतो.

इथे होणारी चूक एकच, पण फार होते: एका घरातलं उत्तर पाहून शेजारचं घर अंदाजाने भरणं. ‘मासा’चं ‘माशाचा’ होतं, म्हणून अनेकवचनही ‘माशे’ असेल असं तक्ता सुचवेल. प्रमाण मराठीत ते ‘मासे’ आहे. च ला जो नियम ए समोर लागतो तो स ला तसाच लागत नाही. शब्द मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय घर भरू नका. ज्या घरात अजून पाहिलेलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि जिथे शोधून सापडलं नाही तिथे आडवी रेघ. ही दोन चिन्हं मिसळली की तक्त्याचा उपयोग संपला.

झाड: तीन शब्दांपासून सुरुवात

वाक्य घ्या: ‘सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याला फोन कर.’ याचे दोन अर्थ होतात. एकात हळद सांगलीची आहे, व्यापारी मुंबईत बसलेला असला तरी चालेल. दुसऱ्यात व्यापारी सांगलीचा आहे, हळद निजामाबादची असली तरी चालेल. कानाला दोन्ही सारखेच. फरक दाखवायला झाड लागतं.

पहिले तीन शब्द पानाच्या तळाशी लिहा, प्रत्येकात तीन बोटांचं अंतर. वरचं अर्धं पान मोकळं सोडा. जे दोन शब्द आधी एकत्र येतात त्यांच्यापासून रेषा वर नेऊन एका ठिपक्यात मिळवा, मग तो ठिपका आणि उरलेला शब्द वर दुसऱ्या ठिपक्यात. पहिल्या अर्थाचं झाड कंसात असं लिहिता येईल: [[सांगलीच्या हळदीच्या] व्यापाऱ्याला]. दुसऱ्याचं: [सांगलीच्या [हळदीच्या व्यापाऱ्याला]]. दोन्ही झाडं वेगवेगळ्या कागदावर काढा. एकाच कागदावर दोन रंगांत काढली की डोळा तिसरंच झाड पाहतो.

दोन नियम कडक पाळायचे. रेषांनी एकमेकींना छेदायचं नाही, आणि एका शब्दाच्या डोक्यावर दोन ठिपके असायचे नाहीत.

इथवर फक्त चित्र झालं. आता त्याच्याकडून काम करून घ्या. वाक्य असं बदला की व्यापारी कर्ता होईल: ‘… व्यापारी आला.’ पहिल्या झाडात ‘सांगली’ हळदीला लटकलेली आहे. हळदीला पुढे ‘चा’ लागायचाच आहे, म्हणजे ती सामान्यरूपातच राहणार, आणि म्हणून ‘सांगलीच्या’ बदलणार नाही. ‘सांगलीच्या हळदीचा व्यापारी आला.’ दुसऱ्या झाडात ‘सांगली’ थेट व्यापाऱ्याला लटकलेली आहे. व्यापारी आता सरळ रूपात आला, तेव्हा तिलाही सरळ व्हावं लागेल. ‘सांगलीचा हळदीचा व्यापारी आला.’ दोन झाडांनी दोन वेगळी वाक्यं आधी सांगितली, आणि ती दोन्ही आपण खरोखर त्याच अर्थांनी बोलतो. मूळ वाक्यात संदिग्धता का होती तेही इथेच कळतं: ‘व्यापाऱ्याला’मुळे सगळेच ‘च्या’ झाले होते.

दुसरी चाचणी शब्द घुसवण्याची. ‘सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला फोन कर.’ आता एकच अर्थ उरतो, व्यापारी सांगलीचा. का? हळद मोजत नाहीत, म्हणून ‘एका’ तिला चिकटू शकत नाही, तो व्यापाऱ्याचाच. मग ‘सांगलीच्या’ हळदीला जोडायला गेलात तर ती रेष ‘एका’ची रेष छेदून जाते. नियमाने ते बंद आहे. रेषा छेदू नयेत हा नियम चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून घातलेला नाही, तो अर्थ नाकारण्याचं काम करतो.

झाड बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. सात-आठ शब्दांचं वाक्य एकदम घेतलं जातं; तीन शब्दांचा तुकडा आधी पक्का करा, मग वाढवा. ठिपक्यांना नामपद, क्रियापद अशी नावं आधी दिली जातात आणि मग शब्द त्या नावांत बसवले जातात; नावं सगळ्यात शेवटी द्या. आणि इंग्रजी पुस्तकातलं झाड उचलून त्यात मराठी शब्द भरले जातात. तिथे क्रियापद कर्माच्या आधी असतं, आपल्याकडे शेवटी. फांद्यांची दिशाच वेगळी आहे.

कधी कधी रेषा छेदल्याशिवाय झाड होतच नाही. ‘तो माणूस आला, ज्याचं दुकान गणपती पेठेत आहे.’ दुकानाचं वाक्य माणसाचं, पण मध्ये ‘आला’ बसलाय. जबरदस्तीने झाड सरळ करू नका. आधी ‘ज्याचं दुकान गणपती पेठेत आहे, तो माणूस आला’ हे म्हणून पाहा. इथे रेषा छेदत नाहीत. छेद दिसला याचा अर्थ काहीतरी जागेवरून हललं आहे, आणि कुठून हललं तेही आता समोर आहे. अशी वाक्यं पुष्कळ असतील तर झाड सोडून बाण घ्या.

बाण: क्रियापद कुणाकडे बघतं

शब्दांना थेट शब्दांशी जोडण्याची पद्धत फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ लुसिएँ तेनिएर यांनी नीट मांडली. त्यांचं मुख्य पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1959 मध्ये आलं. इथे वरचे ठिपके नसतात. शब्द एका ओळीत लिहायचे आणि वरून कमानी काढायच्या. आपण त्यातलीच एक छोटी कमान घेऊ: क्रियापदाचं रूप कुणामुळे ठरतं, त्याच्याकडे जाणारा बाण.

‘राधा भाकरी खाते.’ राधाच्या जागी राघू घाला: खातो. बदललं. भाकरीच्या जागी आंबा घाला: खाते. बदललं नाही. बाण राधाकडे. ‘राधाने भाकरी खाल्ली.’ राघूने केलं तरी खाल्लीच, पण आंबा केला की खाल्ला. बाण भाकरीकडे. ‘राधाने मांजराला मारलं.’ दोघांनाही बदलून पाहा, ‘मारलं’ हलत नाही. बाण कुठेच जात नाही. शाळेत याला कर्तरी, कर्मणी, भावे म्हणतात आणि तीन व्याख्या पाठ होतात. तीन चित्रं शेजारी ठेवली की नियम एकच दिसतो: बाण त्या नामाकडे जातो ज्याला प्रत्यय लागलेला नाही, आधी कर्ता पाहायचा, मग कर्म; असं नाम उरलंच नाही तर बाण नाही.

आता या नियमाला अडवणारं वाक्य शोधा. ‘मी भाकरी खाल्ली.’ मी ला प्रत्यय नाही, तरी बाण भाकरीकडे. नियम मोडला, किंवा मी च्या शेजारी एक ‘ने’ आहे जो ऐकू येत नाही. दुसरी वाट निवडायची तर पुरावा लागतो. नियम वाचवायला अदृश्य गोष्ट मानणं ही आकृतीतली सगळ्यात मोठी लबाडी आहे. पुरावा असा मिळतो: ‘आम्ही मुलं ठरवतो’, पण ‘आम्ही मुलांनी ठरवलं’. ‘तुम्ही पोरांनी काय केलं?’ सर्वनामाच्या जोडीला नाम आलं की लपलेला प्रत्यय त्या नामावर उघड दिसतो. आता मी च्या शेजारी तुटक रेषेची चौकट काढून त्यात ‘ने’ लिहा. तुटक रेष म्हणजे दिसत नाही पण पुरावा आहे.

मग ‘तू भाकरी खाल्लीस’ घ्या. आंबा केला की ‘खाल्लास’. ‘तू’ ऐवजी ‘तिने’ केलं की शेवटचा स जातो, ‘खाल्ली’ उरतं. एका क्रियापदातून दोन बाण निघतात: ‘ली’ भाकरीकडे आणि ‘स’ तू कडे. म्हणून बाण काढण्याआधी क्रियापदाचे तुकडे पाडा: खा-ल्ल-ई-स. अख्ख्या शब्दातून बाण काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

स्वरांचा आलेख

हा भाग थोडक्यात, कारण पद्धत ठरलेली आहे. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. बंद खोलीत, पंखा बंद करून, एकेक स्वर असलेले शब्द प्रत्येकी दहा वेळा रेकॉर्ड करा. स्वराच्या मधोमध पहिला आणि दुसरा फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणारी कंपनसंख्या) मोजा. कमाल मर्यादा पुरुषांसाठी 5000 हर्ट्झ, बायकांसाठी 5500 ठेवा. ती बदलायची विसरलात तर आकडे भलतेच येतात. पहिला फॉर्मंट उभ्या अक्षावर वरून खाली वाढत जाणारा, दुसरा आडव्या अक्षावर उजवीकडून डावीकडे वाढत जाणारा. उलटे अक्ष मुद्दाम आहेत: तसं केलं की इ डावीकडे वर, उ उजवीकडे वर आणि आ खाली येतो, साधारण तोंडात जीभ असते तसा. बायका, पुरुष आणि मुलं एकाच आलेखावर मिसळू नका, घशापासून ओठांपर्यंतच्या नळीची लांबी वेगळी असते. चांगला पहिला प्रश्न: ‘केलं’मधला शेवटचा स्वर आणि ‘कर’मधला पहिला स्वर आलेखावर एकाच जागी पडतात की वेगळ्या?

नकाशा: आधी ठिपके, मग रेष

जर्मनीत भाषाशास्त्रज्ञ गेऑर्ग वेंकर यांनी 1876 मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या शाळामास्तरांना वाक्यं पाठवून ती गावच्या बोलीत लिहून मागवली. बोलींचे नकाशे तिथून वाढले. आपल्याकडे आज मोबाइलवर आवाज मिळतो, तेव्हा लिहून मागवू नका, ऐकून घ्या.

साताऱ्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. प्रत्येकातली दोन गावं घेतली तर 42 ठिपके होतात. गावागणिक चार माणसं: एक तरुण आणि एक म्हातारी बाई, एक तरुण आणि एक म्हातारा पुरुष. वैशिष्ट्यं तीनच घ्या. ‘करतोय’ की ‘करायलाय’. बायका स्वतःबद्दल ‘मी आले’ म्हणतात की ‘मी आलो’. ‘पाणी’ की ‘पानी’.

‘तुम्ही कसं म्हणता?’ असं विचारलंत की पुस्तकी मराठी मिळेल, हमखास. प्रसंग द्या. ‘फोन आला, तिकडून विचारलं आई कुठाय, आणि आई चुलीपुढे आहे, काय सांगाल?’ बाईंना विचारा, ‘काल बाजारातून कधी आलात?’ या प्रश्नात ‘आलात’ आहे, त्यातून ‘आले’ किंवा ‘आलो’ कोणाचीच सूचना जात नाही. तुमच्या प्रश्नातलं रूप उत्तरात परत येतं, हे प्रश्न तयार करताना तपासा.

प्रत्येक वैशिष्ट्याला वेगळा ट्रेसिंग पेपर. कोपऱ्यांत चार खुणा करा म्हणजे कागद एकावर एक नेमके बसतील. भरलेला गोल एक रूप, पोकळ गोल दुसरं, अर्धा भरलेला दोन्ही, फुली म्हणजे विचारलं पण मिळालं नाही. न गेलेल्या गावाला काहीही खूण नाही. जत तालुक्यात आणि मिरजेच्या पूर्वेला घरात कानडी बोलणारी कुटुंबं भेटतात. त्यांची मराठी वेगळ्या रंगाने दाखवा, पण वगळू नका.

रेष ओढताना खालचा तालुक्यांच्या सीमांचा आणि नद्यांचा नकाशा काढून ठेवा. फक्त ठिपके दिसले पाहिजेत. नाहीतर पेन्सिल आपोआप कृष्णेच्या काठाने नाहीतर जिल्ह्याच्या हद्दीवरून धावते. ही हद्द तर 1949 ची: तेव्हा साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. कराडचं बोलणं वाळव्याला जाताना त्या रेषेवर थांबेल असं मानायला काहीच कारण नाही. रेष भरलेल्या आणि पोकळ ठिपक्यांच्या मधोमध जावी. दोन शेजारच्या ठिपक्यांत दहा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर ती तुटक काढा.

मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. रेषा एकत्र आल्या तर तिथे बोलीची खरीखुरी सीमा असू शकते. फाकल्या तर प्रत्येक वैशिष्ट्य आपल्या वाटेने पसरलं आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ योहान्नेस श्मिट यांनी 1872 मध्ये लाटांची कल्पना मांडली, म्हणजे बदल पाण्यातल्या लाटेसारखा एका जागेहून पसरतो, ती याच कारणाने. त्याआधी, 1853 पासून, दुसरे जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशर भाषांची वंशझाडं काढत होते, म्हणजे एका जुन्या भाषेतून फुटलेल्या भाषांच्या फांद्या, आणि झाडाची एक फांदी दुसरीला परत कधी मिळत नाही. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला निघतात, फाकतात आणि कराडला पुन्हा एक होतात. बोलीही असं करतात. वंशझाडाच्या नियमात कराडच्या संगमाला जागा नाही.

तरी झाड काढायचं असेल तर दोन बोलींना एका फांदीवर ठेवताना दोघींनी मिळून केलेला नवा बदल दाखवा. दोघींनीही ण टिकवला आहे, हे एका फांदीचं कारण होत नाही. जुनं तर कुणीही टिकवतं. आणि ण चा न होणं इतक्या ठिकाणी आपापलं घडतं की तोही एकट्याने पुरावा म्हणून कच्चा आहे. शेजारणीकडून घेतलेल्या गोष्टीसाठी दोन फांद्यांमध्ये आडवा तुटक बाण काढा आणि त्यावर तो शब्द किंवा ते रूप लिहा. आडवे बाण उभ्या फांद्यांपेक्षा जास्त झाले की तो कागद बाजूला ठेवून ट्रेसिंग पेपरकडे परत या.